टारफुला आणि त्यास न भुलणारी ज्वारी

शेतकऱ्याचे कांहीं शत्रू उघड असतात. टोळधाड आली तर ती आकाशांत दिसते, रानडुकरें आलीं तर बांधावर त्यांच्या खुणा सांपडतात, आणि कणसांवर पांखरें उतरलीं तर गोफण घेऊन माळ्यावर उभें राहतां येतें. परंतु एक शत्रू असा आहे कीं, तो जमिनीवर डोकें काढतो तेव्हां त्याचें बहुतेक काम उरकलेलें असतें. भर पावसांत ज्वारी पिवळी पडते, ताण बसल्याप्रमाणें तिचीं पानें मलूल होतात, वाढ खुंटते. आणि मग कांहीं दिवसांनीं बुंध्याजवळ वीत-दीड वीत उंचीचीं, खरखरीत पानांचीं व बारीक पांढऱ्या फुलांचीं रोपें दिसूं लागतात. ह्यालाच आपण टारफुला म्हणतों. शास्त्रीय ग्रंथांत त्याचें नांव स्ट्रायगा असें आहे. ज्वारीखेरीज बाजरी, मका, ऊंस व कांहीं ठिकाणीं भात ह्या पिकांवरही तो येतो.

ह्या विषयावर लिहिणारे आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेंत झालें आणि उमेदीचीं सारीं वर्षें महसुली कचेरींत कारकुनी करण्यांत गेलीं. पिकांची पैसेवारी, जिला जुनीं माणसें अद्याप आणेवारी म्हणतात, तिचे तक्ते आम्हीं पुष्कळ लिहिले. त्यांत अवर्षण, अतिवृष्टि, कीड असे शेरे असत. परंतु टारफुल्यानें पीक गेलें असा शेरा आमच्या हातून एकदांही पडला नाहीं. शेतकरी कळवळून सांगत, आणि आम्ही ‘तण’ एवढाच शब्द लिहून पान उलटीत असूं. त्या शब्दाची किंमत आम्हांस पुढें स्वतःच्या शेतांत मोजावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या गरजेंतून निघालें हें वाचकांस कळेल.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही बालाघाटाच्या उतारावरील वडिलार्जित जमीन स्वतः पाहूं लागलों. तींतील वरची दोन एकरांची बरड पट्टी नऊ वर्षें पड होती. पडीनें जमीन विसावते व तींतील रोगराई मरून जाते अशा समजुतीनें आम्हीं पहिल्याच खरिपांत तेथें ज्वारी पेरली. श्रावणांत पट्टीचा मधला भाग पिवळा पडला. आमचे वाटेकरी वयानें आम्हांहून वडील आहेत; त्यांस आम्ही तात्या म्हणतों. ते पिकांत वांकून पाहून म्हणाले, “अण्णा, ह्या पट्टीला टारफुला हाय. दादांनी उगाच पड नव्हती टाकली.” आम्ही म्हणालों, “तात्या, नऊ वर्षांत जमिनींत बी कसलें राहतें?” तात्यांनीं उत्तर दिलें नाहीं. नुसतें एक रोप उपटून आमच्या हातावर ठेवलें.

पुढील चूक सर्वस्वी आमची. मजूर मिळत नाहीं ह्या सबबीवर आम्हीं तें तण फुलावर येऊन गेल्यानंतर उपटविलें आणि बांधावर टाकलें. जनावरांनीं तें खाल्लें; शेण उकिरड्यांत गेलें; आणि उकिरड्याचें खत दुसऱ्या वर्षीं खालच्या शेतांत गेलें. हें खालचें शेत म्हणजे आमच्या घरचें पोट. त्यांत टारफुला पूर्वीं कधींच नव्हता. तो आम्हीं स्वतःच्या गाडीनें नेऊन तेथें पेरला. त्यानंतर आम्हीं ह्या तणाविषयीं जें मिळेल तें वाचलें व जाणत्यांस विचारलें. त्यांतून जें समजलें तें येथें देत आहों.

शत्रूची चाल

टारफुल्याचें बी डोळ्यांस धुळीसारखें दिसतें. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी असून एका ग्रॅमांत एक लाखाहून अधिक बिया भरतात. एक जोमदार झाड ५०,००० किंवा त्याहूनही अधिक बी टाकूं शकतें. हें बी जमिनींत दहा वर्षें, आणि स्थिति अनुकूल असल्यास त्याहूनही अधिक काळ, जिवंत राहतें. आमचा नऊ वर्षांच्या पडीचा हिशेब येथेंच चुकला.

इतक्या बारीक बीजांत शिदोरी फार थोडी असते. उगवल्यावर थोड्याच दिवसांत मूळ सांपडलें नाहीं तर तें मरतें. म्हणून तें वाटेल तेव्हां उगवत नाहीं. पाऊस पडून जमीन ओली व उबदार झाली कीं एक-दोन आठवडे तें नुसतें तयार होत राहतें. मग कांहीं मिलिमीटरांच्या अंतरावर ज्वारीचें मूळ आलें आणि त्या मुळांतून एक विशिष्ट द्रव्य पाझरलें, म्हणजेच तें अंकुर फोडतें. अंकुर मुळास टेकल्यावर त्याच्या टोंकास गांठीसारखा एक अवयव होतो. तो मुळाची साल भेदून आंतील रसवाहिन्यांस जाऊन भिडतो. तेथून पुढें ज्वारीनें शोषलेलें पाणी व क्षार, आणि तिनें पानांत तयार केलेलें अन्न, ह्यांचा वांटा टारफुल्यास जाऊं लागतो.

जमिनीखालीं हा व्यवहार चार ते सात आठवडे चालतो. ह्या काळांत शेतकऱ्यास वर कांहींच दिसत नाहीं. शिवाय, अन्नाच्या चोरीनें जेवढें नुकसान व्हावें त्याहून पिकाचें नुकसान अधिक होतें, कारण टारफुल्याच्या संगतीनें ज्वारीची उंची खुंटते आणि पानांची अन्न तयार करण्याची शक्तिही मंदावते. चेटूक केल्याप्रमाणें पीक बसतें, म्हणून इंग्रजींत ह्यास चेटकिणीचें तण अशा अर्थाचें नांव पडलें आहे. केवळ खुरपणीनें चालू हंगामाचें पीक कां वांचत नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. खुरपणीचा उपयोग पुढील हंगामांसाठीं आहे. त्याविषयीं मागाहून सांगूं.

ज्वारी शत्रूस हांक कां मारते?

आपल्याच शत्रूस जागें करणारें द्रव्य ज्वारीनें पाझरावें, हा घरच्या भेद्यासारखा प्रकार दिसतो. ह्याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. १९६६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा जातीचें पहिलें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें व त्यास स्ट्रायगॉल हें नांव दिलें. आश्चर्य असें कीं, तें मिळालें कापसाच्या मुळांतून. आणि कापसावर तर टारफुला वाढतच नाहीं. म्हणजे कापसाचें मूळ टारफुल्याच्या बीस उगवण्याचा निरोप देतें, पण उगवलेल्या अंकुरास आसरा देत नाहीं. अंकुर उपाशी मरतो. वऱ्हाड-मराठवाड्यांत कापसाच्या बेवडावर ज्वारी घेण्याची जी जुनी चाल आहे, तींत हाही एक लाभ नकळत पदरांत पडत असे.

पुढें १९९२ सालीं ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलॅक्टोन नांवाचें द्रव्य मिळालें. ह्या सर्व कुळास आतां स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. परंतु पीक तें पाझरतें कशासाठीं, हें २००५ सालीं जपानी संशोधकांनीं दाखवून दिलें. बहुतेक पिकांच्या मुळांत एक उपकारक बुरशी राहते. ती आपल्या सूक्ष्म तंतूंनीं दूरवरचा स्फुरद ओढून मुळास देते आणि मोबदल्यांत पिकाकडून साखर घेते. मुळांतून पाझरणारें द्रव्य ही ह्या बुरशीस मारलेली हांक होय. टारफुला ती चोरून ऐकतो. पुढें २००८ सालीं असेंही सिद्ध झालें कीं, हींच द्रव्यें झाडाच्या शरीरांत राहून त्यास फांद्या व फुटवे किती यावेत हेंही ठरवितात.

ह्यांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. जमिनींत स्फुरद किंवा नत्र कमी पडलें म्हणजे ज्वारी मदतीसाठीं मोठ्यानें हांका मारते. अर्थात् तिच्या मुळांतून हें द्रव्य अधिक पाझरतें. टारफुला हलक्या, खत न मिळालेल्या जमिनींत जोर करतो हें आपले वाडवडील पाहत आले, त्याचें एक मोठें कारण हें आहे.

प्रतिकाराच्या चार चौक्या

टारफुल्याचें बी उगवण्यापासून तें झाड होईपर्यंत त्यास चार टप्पे ओलांडावे लागतात. ज्वारीच्या निरनिराळ्या वाणांनीं व तिच्या रानटी भाऊबंदांनीं ह्यांपैकीं कोठें ना कोठें चौकी बसविलेली आढळते.

पहिली चौकी हांकेची. कांहीं वाणांच्या मुळांतून टारफुल्यास उठविणारें द्रव्य फार थोडें पाझरतें, किंवा तें निराळ्या जातीचें पाझरतें. बी झोंपलेलेंच राहतें.

दुसरी चौकी गांठीची. बी उगवतें, अंकुर मुळापर्यंत येतो, पण मुळास चिकटणारी गांठ तयार होण्यास जी दुसरी खूण मुळाकडून मिळावी लागते ती पुरेशी मिळत नाहीं. हा गुण विशेषतः कांहीं रानटी ज्वाऱ्यांत दिसला आहे.

तिसरी चौकी आत्मत्यागाची. अंकुर मुळांत शिरूं लागतांच त्या ठिकाणच्या पेशी आपण होऊन मरतात. तेवढा भाग काळा पडतो आणि शत्रूस आंत जाण्यास जिवंत वाट उरत नाहीं.

चौथी चौकी तटाची. मुळाच्या आंतील रसवाहिन्यांभोंवतींच्या पेशींच्या भिंती जाड व कठीण होतात. अंकुर साल भेदतो, परंतु ह्या तटाशीं येऊन अडतो.

हे गुण पिढीजात आहेत. वासराचा रंग जसा आई-बापांकडून येतो, तसे ते बीजांतून पुढें जातात. बीजांतील ज्या सूक्ष्म घटकांच्या द्वारें असे गुण उतरतात त्यांस जनुक म्हणतात. जो गुण जनुकांत आहे तो संकर करून दुसऱ्या चांगल्या वाणांत उतरवितां येतो, आणि सर्व आशा ह्याच गोष्टीवर आहे.

आफ्रिकेंतील अनुभव

ह्या कामांत ज्यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल ते गेबिसा एजेटा हे इथिओपिया देशांतील एका खेड्यांत जन्मले. लहानपणीं आठवड्याच्या आरंभीं वीस किलोमीटर चालत शाळेच्या गांवीं जावयाचें आणि आठवड्याच्या शेवटीं परतावयाचें, असा त्यांचा क्रम होता. पुढें अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत ते ज्वारीचे पैदासकार झाले. आफ्रिकेंत आपल्याकडील टारफुल्याखेरीज जांभळट-गुलाबी फुलांची एक मोठी जाति आहे, आणि ती ज्वारी, बाजरी व मका ह्या तिन्ही पिकांचा फडशा पाडते.

शेतांत प्रतिकारक वाण निवडणें फार कठीण असतें, कारण टारफुल्याचें बी जमिनींत सर्वत्र सारखें नसतें. एखादी ओळ निरोगी दिसली तर तो वाणाचा गुण कीं तेथें बीच नव्हतें, हें समजत नाहीं. एजेटा व त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी लॅरी बटलर ह्यांच्या प्रयोगशाळेंत ह्यावर एक सोपी युक्ति निघाली. कांचेच्या बशींत पातळ खिरीसारख्या पारदर्शक आगरांत टारफुल्याचें तयार केलेलें बी मिसळावयाचें, त्यांत ज्वारीचा एक कोंब रोवावयाचा, आणि थोड्या दिवसांनीं त्याच्या मुळापासून किती अंतरापर्यंत तणाचें बी उगवलें तें मोजावयाचें. दहा मिलिमीटरच्या आंतच उगवण थांबली तर तो वाण कमी हांक मारणारा समजावयाचा. हजारों कोंब अशा रीतीनें तपासतां येऊं लागले.

ह्या परीक्षेंत एसआरएन-३९ नांवाचा वाण चांगला उतरला, आणि पुढील संकरांत त्याचा मोठा उपयोग झाला. १९९४ सालीं प्रतिकारक ज्वारीचें आठ टन बियाणें आफ्रिकेंतील १२ देशांत वांटण्यांत आलें. इथिओपियांत गोबिये व अबशिर हे वाण शेतकऱ्यांच्या हातीं गेले. बियाण्याबरोबर खत द्यावें व पाणी अडवावें, हेंही तेथें सांगण्यांत येत असे. २००९ सालीं एजेटा ह्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ सालीं ह्याच मंडळींनीं त्या गुणाचें मूळ ठिकाण शोधून काढलें. साध्या ज्वारींत एक जनुक आहे. तें शाबूत असलें तर मूळ ५-डीऑक्सिस्ट्रायगॉल नांवाचें द्रव्य पाझरतें, ज्यानें टारफुल्याचें बी भराभर उठतें. हें जनुक निकामी झालेल्या किंवा मुळींच नसलेल्या वाणांत त्याऐवजीं ओरोबँकॉल हें द्रव्य पाझरतें. त्यानें टारफुला फारसा उठत नाहीं, आणि उपकारक बुरशी मात्र ह्याही द्रव्यास प्रतिसाद देते.

येथें बियाणें विकत घेणाऱ्यांनीं एक मुद्दा लक्षांत ठेवावा. कमी हांक मारण्याचा हा गुण दबून राहणारा आहे. आई व बाप दोघांकडून आला तरच तो प्रगट होतो. एकाकडूनच आला तर ज्वारी पूर्ववत् हांका मारते. म्हणून संकरित बियाण्यांत हा गुण हवा असेल तर त्याचे दोन्ही जनकवाण तसे असावे लागतात. एक जनक प्रतिकारक आहे एवढ्यावर संतुष्ट होऊं नये.

आपल्याकडील ताकद

भारतांत ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ सालीं आला. त्यानें उत्पन्न वाढविलें हें निर्विवाद आहे. परंतु टारफुल्यापुढें तो अगदीं दुबळा ठरला. इतका कीं, पुढें टारफुल्याच्या चांचणींत ‘हमखास बळी पडणारा वाण’ म्हणून तुलनेसाठीं त्याचीच ओळ पेरीत असत. हैदराबादजवळ पाटनचेरु येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेनें देशोदेशींचे वाण तपासून ५५५ व १६८ ह्या क्रमांकांच्या ज्वाऱ्यांच्या संकरांतून एसएआर-१ नांवाचा प्रतिकारक वाण काढला.

परंतु आमच्या मनास सर्वांत भिडली ती एन-१३ ह्या वाणाची गोष्ट. ही भारतांतील जुन्या ज्वारीपैकीं एक. तिची चौकी तटाची आहे. टारफुल्याचा अंकुर तिच्या मुळांत शिरतो, पण जाड झालेल्या पेशींशीं अडतो. हा गुण एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा मिळून आहे, म्हणून तो उतरविणें कठीण. शास्त्रज्ञांनीं जनुकांच्या खुणा पाहून ते एक-एक करून सुदान देशांतील तबत, वाद अहमद व एजी-८ ह्या लोकप्रिय वाणांत आणले, आणि २०१२ सालीं तेथील सरकारनें अशा रीतीनें तयार झालेले चार वाण शेतकऱ्यांसाठीं प्रसृत केले.

आमच्या कारकुनी स्वभावास ह्यांत एक खंत वाटते. एन-१३ ची ज्वारी पिढ्यान् पिढ्या कोणी तरी जपली. टारफुल्याच्या जमिनींत जीं कणसें तगलीं त्यांचेंच बी कोणी तरी पुढच्या वर्षासाठीं उतरंडींत ठेवलें. त्यांच्या जमिनीची नोंद कोठल्या तरी दप्तरांत असेल. त्यांच्या बियाण्याची नोंद कोणींच केली नाहीं. आज आपल्या गांवांत खरीप ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली आहे, आणि घरोघरच्या जुन्या ज्वाऱ्या झपाट्यानें जात आहेत. त्यांतील कोणती कणसें टारफुल्यापुढें उभीं राहणारीं होतीं, हें तीं गेल्यावर कोणास सांगतां येणार?

सोसणें निराळें, अडविणें निराळें

वाणाची परीक्षा करतांना शेतकऱ्याकडून नेहमीं एक गफलत होते. टारफुला भरपूर येऊनही बऱ्यापैकीं उत्पन्न देणारे कांहीं वाण आहेत. हे वाण टारफुला सोसतात, अडवीत नाहींत. चालू वर्षीं कणगी भरते म्हणून शेतकरी समाधानी असतो. परंतु त्याच शेतांत टारफुला फुलून लाखों बी टाकीत असतो. चालू सालचा सारा वेळेवर भरून जमिनीवर गहाणखतें वाढवीत नेणारे खातेदार आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या दारीं पहिलीं कांहीं वर्षें कोणी येत नाहीं. पुढें मात्र जमीनच जाते. म्हणून वाण पाहतांना कणीस आणि बुंधा दोन्ही पाहावेत. कणीस भरलेलें व बुंध्याशीं टारफुला विरळ, तोच खरा प्रतिकारक वाण.

दुसरी गफलत ह्याच्या उलट, म्हणजे वाणावर सर्वस्वीं विसंबणें. टारफुलाही बीजावर चालणारें झाड आहे. त्याच्या लाखों बियांत थोड्याफार फरकाच्या असंख्य व्यक्ति असतात. त्यांतील एखादी चौकी चुकविणारी निघाली तर तिचीच प्रजा वाढते. चवळीवर येणाऱ्या टारफुल्याच्या जातीचे असे निरनिराळे वंश झालेले आहेत. बोत्स्वाना देशांतील बी-३०१ ही चवळी त्यांतील पुष्कळांस दाद देत नाहीं, परंतु बेनीन देशांत तिलाही जिंकणारा वंश सांपडला. सूर्यफुलाची गोष्टही अशीच आहे. युरोपांत आपल्या बंबाखूच्या कुळांतील एक तण त्याच्या मुळांवर येतें. त्याविरुद्ध एक प्रतिकारक जनुक आणलें कीं कांहीं वर्षांनीं त्यास न जुमानणारा वंश पुढें येई, आणि असें तेथें एकामागून एक पांच वेळां व पुढेंही झालें. शेरास सव्वाशेर भेटतोच. जेथें शत्रूचें बी कमी, तेथें असा सव्वाशेर निपजण्याचा संभवही कमी.

आपण काय करावें

पहिली गोष्ट, टारफुल्यास बी धरूं देऊं नये. तो वर आल्यापासून साधारण महिन्याभरांत फुलावर येतो. फुलें दिसण्यापूर्वींच उपटावा. फुलें आलीं असल्यास शेताबाहेर नेऊन जाळावा. जनावरांस घालूं नये, उकिरड्यांत टाकूं नये, बांधावर तर मुळींच ठेवूं नये. बाधित शेतांत चाललेलीं अवजारें व पायांची माती झाडल्याशिवाय दुसऱ्या शेतांत जाऊं नये. अमेरिकेंत १९५६ सालीं कॅरोलायना प्रांतांच्या मक्यांत हें तण प्रथम सांपडलें. पुढें चार लाखांहून अधिक एकरांत तें आढळलें. तेथें वाहतुकीवर निर्बंध घालून, जमिनींत इथिलीन वायु सोडून पीक नसतांनाच बी उगवून मरावें अशी योजना करून, अनेक दशकांच्या श्रमानें तें अगदीं थोड्या क्षेत्रावर आणलें. एवढा खर्च आपणांस झेपणारा नाहीं, सबब आरंभींची काळजी आपणांस अधिक.

दुसरी, बेवड. कापूस, भुईमूग, सोयाबीन, चवळी, जवस हीं पिकें टारफुल्यास उठवितात व उपाशी मारतात. तीन-चार वर्षें बाधित पट्टींत ज्वारीच्या कुळांतील पीक न घेतां हीं फिरवून घ्यावींत. पड ठेवण्यापेक्षां हें शतपट बरें. पडींत हांक मारणारें मूळच नसल्यानें बी नुसतें झोंपून राहतें. किंवा ज्वारीच दाट पेरून, टारफुला फुलण्यापूर्वीं ती हिरवी कापून जमीन नांगरून टाकावी. उठलेलें तेवढें बी वांया जातें.

तिसरी, खत. शेणखत चांगलें कुजलेलें व निर्वेध शेतांतील जनावरांचेंच घालावें, आणि ज्वारीस नत्र व स्फुरद ह्यांची उपासमार होऊं देऊं नये.

चौथी, आणि ह्या लेखाचा मुख्य हेतु तोच, आपल्या हातांनीं वाणांची परीक्षा. बाधित पट्टींत आपल्याकडे मिळतील तितके वाण, जुन्या घरगुती ज्वाऱ्या धरून, दोन-दोन ओळी पेरावे. प्रत्येक वाणाच्या दोहों बाजूंस हमखास बळी पडणाऱ्या एका वाणाची ओळ असावी; म्हणजे त्या जागीं टारफुल्याचें बी आहे कीं नाहीं हें तीच सांगेल. पेरणीपासून आठव्या व दहाव्या आठवड्यांत प्रत्येक ओळींतील टारफुल्याचीं रोपें मोजून लगेच उपटावींत, आणि काढणीच्या वेळीं कणसें तोलावींत. एका वर्षाच्या मोजणीवर निकाल देऊं नये. दोन-तीन हंगाम पाहावें. जें झाड उभें राहील त्याचें कणीस फुलोऱ्यापूर्वीं कागदी पिशवींत बांधावें, कारण ज्वारी बहुतांशीं आपल्याच परागानें फळते, तरी थोडा परका पराग येतोच.

असा वाण हातीं लागला तर त्याची नोंदही होऊं शकते. २००१ सालच्या वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्यानें शेतकऱ्यास स्वतः जपलेला वाण आपल्या नांवें नोंदवितां येतो, आणि पूर्वापार चालीप्रमाणें आपल्या शेतांतील बियाणें ठेवण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा हक्कही कायम राहतो. छापाच्या नांवानें मात्र तें विकतां येत नाहीं. जमिनीच्या बोटभर तुकड्यासाठीं आपण कचेरीच्या पायऱ्या झिजवितों. बियाण्यासाठीं एकदां जाण्यास हरकत नसावी.

आमच्या खालच्या शेतांत आतां भुईमूग व कापूस आहे. ज्वारीसाठीं अजून दोन वर्षें थांबण्याचा निश्चय केला आहे, आणि तोंवर भाकरीची ज्वारी विकत घेत आहों. वरच्या पट्टींत मात्र गेल्या खरिपांत सहा वाणांच्या ओळी घातल्या. त्यांतील एक ज्वारी तात्यांच्या सासुरवाडीहून आणलेली; तिचें नांव तात्यांसही ठाऊक नाहीं. दोन्ही बाजूंच्या ओळींत टारफुल्याचीं अनुक्रमें ४१ व ३७ रोपें मोजलीं, आणि तिच्या दोन ओळींत मिळून ९. एका हंगामाची मोजणी ती किती, हें आम्ही जाणून आहों. तीं कणसें पिशवींत बांधून वेगळीं ठेवलीं आहेत आणि ह्या मृगांत तीच ज्वारी पट्टीच्या दुसऱ्या टोंकास पेरणार आहों.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या जमिनींत टारफुला आहे त्यांनीं अशाच ओळी घालून आपली मोजणी, वाणाचें नांव व जमिनीची जात लिहून ह्या मासिकाकडे पाठवावी. दहा गांवांच्या मोजण्या एकत्र झाल्या तर कृषि विद्यापीठापुढें ठेवण्याजोगा एक तक्ता होईल. तो लिहून काढण्याचें काम आम्ही आनंदानें करूं, आणि ह्या वेळीं शेऱ्याच्या रकान्यांत केवळ ‘तण’ असें लिहिणार नाहीं.